बापाच्या मांडीवरची लेक



मंडळानं मला लहान मुलांच्या संगोपनावर चार शब्द बोलायला सांगितलं आहे. माझं शिक्षण सातवीपर्यंतच झालेलं. तेव्हा पुस्तकातलं न सांगता डोळ्यांनी पाहिलेलं सांगते.

तुम्ही मला बाळापूरची सून म्हणून ओळखता. माझं माहेर लातूर जिल्ह्यात, किल्लारीच्या बाजूचं एक खेडं. तिकडे माझ्या लहानपणी अशी रीत होती की, वडीलधाऱ्यांसमोर बापानं आपलं मूल घ्यायचं नाही. मुलीला तर नाहीच नाही. (इकडेही तसंच होतं, असं सासूबाई सांगत.) माझी धाकटी बहीण तेव्हा आठ महिन्यांची. आबा शेतातून आले की आधी ओसरीवर आजोबा आहेत का ते बघत. आजोबा पाराकडे गेले असले की उताणे पडून पोरीला पायांवर घेत आणि झुकझुक करीत हलवीत. ती खिदळे. आजोबांचा खोकला ऐकू आला रे आला, की पोर आईच्या ओटीत आणि आबा बैलांपाशी!

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी झालेली, लोक गणपती बुडवून उशिरा निजले. पहाटे चारला चार मिनिटं कमी असताना जमीन हलली. तिकडची जुनी घरं दगड-मातीची. भिंती दोन-अडीच फूट रुंद, वर मातीचं जड माळवद. उन्हाळ्यात अशी गार की आपल्या वऱ्हाडातल्या उन्हात आठवण यावी. पण भिंतीचे दगड एकमेकांत गुंतवलेले नसत. धक्क्यासरशी भिंती फुटल्या नि माळवद निजलेल्यांच्या अंगावर आलं. आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. त्यात आमची आजी. आम्ही बाकीचे अंगणात निजलो होतो, म्हणून राहिलो. मंगरूळला दीड वर्षाची एक मुलगी लष्कराच्या लोकांनी पाचव्या दिवशी ढिगाऱ्यातून जिवंत काढली. ते ऐकून आई पहिल्यांदा मोकळी रडली.

मग पत्र्याच्या शेडमधले दिवस. लहान-मोठे धक्के पुढे कितीतरी दिवस येत होते. आधी जमिनीच्या पोटात घरघर व्हायची, मग पत्रे खडखडायचे. बायामाणसं किंचाळत बाहेर पळायची आणि त्यांच्या किंचाळण्यानं पोर काळीनिळी व्हायची. धक्क्यापेक्षा ती माणसांनाच भ्यायची. एकदा घरघर सुरू झाली तशी आबांनी तिला उचलून बाहेर आणलं, मांडीवर घेतलं आणि मोठ्यानं ओरडले, “आली, आली, आगगाडी आली!” जमीन हलली तसे तेही गुडघे हलवू लागले. पोर हसली. तेव्हापासून प्रत्येक धक्क्याला आगगाडी.

शेजारणी कुजबुजल्या. घरात सुतक, आणि हा बाप्या पोरीला खेळवतो! आबांच्या कानावर गेलं. ते ओशाळले, दोन दिवस त्यांनी पोरीला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पुन्हा पत्रे वाजले. पोर आजोबांजवळ होती. आजोबांनी सगळ्यांदेखत तिला आबांपुढे धरलं आणि म्हणाले, “आरं घे की लेका, गाडी आली बघ.”

त्या घरात मी असं कधी पाहिलं नव्हतं. आजी गेल्यापासून आजोबा कुणाशी बोललेही नव्हते.

भगिनींनो, आपणच कित्येकदा बापाच्या हातून मूल काढून घेतो. “तुम्हांला नाही जमायचं, मान लचकेल,” म्हणतो. मान धरायला शिकवावी, पण मूल काढून घेऊ नये, असं माझं मत आहे. सासूबाईंनाही मी हे सांगितलं होतं, अर्थात जरा बेतानं!

पुढे बावन्न गावं नव्या जागी वसवली गेली, त्यात आमचंही. बहीण शेडमध्येच चालायला शिकली. तिला त्यातलं काहीच आठवत नाही.

गेल्या दिवाळीला माहेरी गेले तेव्हा आबांना विचारलं, “तुम्हांला तेव्हा भीती वाटत नव्हती का हो?”

आबा म्हणाले, “वाटायची की. हात थरथरायचे. पोरीला कळू नये म्हणून तर मांडी जोरात हलवायचो.”