नटांचा पैसा

(महोत्सवातील व्याख्यान)



विषय ऐकून काही वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. धर्मादाय संस्थेच्या उत्सवात सिनेमानटांचे काय काम? पण नटाने अमुक कोटी घेतले ही बातमी आपल्या मन्नाएखेळ्ळीतही चहाबरोबर चवीने चघळली जाते. एक म्हणतो, नाचण्याचे एवढे पैसे कशाला? दुसरा म्हणतो, एवढे मिळवून गरिबाला काय दिले? या दोन प्रश्नांचा थोडा विचार करावा असे आम्हांस वाटले.

आरंभी या धंद्यात लक्ष्मी नव्हती. 1913 च्या 'राजा हरिश्चंद्र'साठी दादासाहेब फाळक्यांना तारामती मिळेना. कुलीन काय किंवा इतर काय, कोणतीच स्त्री तयार होईना. शेवटी उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके राणी झाले. तेथे त्यांना महिना 10 रुपये मिळत, फाळक्यांनी 15 देऊ केले. पुढे प्रभातसारख्या कंपन्यांतही नट मासिक पगाराचे नोकरच असत. दुसऱ्या महायुद्धात काळ्या बाजाराच्या पैशाला वाट हवी होती. नवे निर्माते पुढे आले, पगारी नट फोडून चित्रपटागणिक रक्कम देऊ लागले, आणि त्यातली काही पावतीशिवाय. आजच्या मोठ्या आकड्यांचे मूळ तेथे आहे. नटाच्या हावरेपणात तेवढे नाही.

आपल्या मुलखाशी जवळचे एक उदाहरण घेऊ. शांता आपटे यांचा जन्म दुधनीचा. दुधनी म्हणजे सोलापूर-कलबुर्गी लोहमार्गावरील, अक्कलकोट तालुक्यातील गाव. 1937 च्या 'कुंकू'ने ही मुलगी घरोघरी पोचली. पण 1939 साली पगार व करार यांवरून वाद झाला, आणि या बाईंनी प्रभातच्या दारात उपोषण मांडले! नामांकित नटीने फाटकाशी उपाशी बसावे, हे त्या काळी कोणाच्या स्वप्नात आले असेल काय? पुढच्याच वर्षी त्यांनी 'जाऊ मी सिनेमात?' हे पुस्तक लिहिले. नट हा या धंद्यातला कामगार आहे, त्याच्या श्रमावर इतर गबर होतात, हा त्यांचा रोख. वाद कोणाच्या बाजूने बरोबर होता याचा निवाडा आम्ही करीत नाही. पण आपल्या कामाचे मोल उघडपणे मागणे यात लाज नाही, हे त्या बाईंना कळले होते. आपल्याकडे मजुरी मागणाऱ्या बाईला आजही तोंडाळ म्हणतात.

आता दुसरी बाजू. भगवानदादा पालव हे गिरणी कामगाराचे चिरंजीव. 1951 च्या 'अलबेला'ने त्यांना अफाट पैसा दिला. जुहूला बंगला झाला. आठवड्याच्या सात वारांना सात मोटारी होत्या, असे सांगतात. मग पुढचे चित्रपट पडले, स्वतःचा पैसा त्यांत बुडाला, बंगला गेला, मोटारी गेल्या. 2002 साली ते वारले ते दादरच्या चाळीत. लोक म्हणतात, उधळपट्टी केली. केलीही असेल. पण त्यांची बरीच रक्कम पुन्हा चित्रपटांतच गेली, हे कोणी सांगत नाही. शेतकऱ्याने बुडीत पिकानंतर पुन्हा बियाणे घेतले तर त्याला आपण उधळ्या म्हणतो काय? नटाचे पीक दहा-पाच वर्षांचे. मागे ना निवृत्तिवेतन, ना जमीन. म्हणून त्याचा मोठा आकडा बारा महिन्यांनी नव्हे, उभ्या आयुष्याने भागून पाहावा.

दानाविषयी. आपल्या कर्नाटकात राजकुमारांनी नंदिनी दुधाची जाहिरात बिनमोबदला केली, आणि पुत्र पुनीत यांनीही तोच पायंडा ठेवला. 2015 साली मराठवाड्यात दुष्काळ पडला तेव्हा नाना पाटेकर आणि मकरंद अनासपुरे यांनी आत्महत्याग्रस्त शेतकऱ्यांच्या घरी प्रत्येकी 15,000 रुपयांचे धनादेश नेऊन दिले आणि 'नाम' संस्था काढली. आमच्या मनात मात्र सर्वांत अधिक भरते ती त्याआधीची एक गोष्ट. डॉ. श्रीराम लागू, निळू फुले आदी नामवंत नटांनी अत्र्यांच्या 'लग्नाची बेडी'चे प्रयोग गावोगाव केले. मोबदला घेतला नाही. जमलेला पैसा वाटून टाकला नाही. तो 'सामाजिक कृतज्ञता निधी' म्हणून ठेवला, आणि त्याच्या व्याजातून पूर्णवेळ समाजकार्य करणाऱ्यांना दरमहा मानधन सुरू केले. नावात 'दान' नाही, 'कृतज्ञता' आहे, हेही पाहावे. आणि मुद्दल शाबूत! ज्यांचे स्वतःचे उत्पन्न आज आहे नि उद्या नाही, त्यांनाच मुद्दलाची किंमत अशी कळावी याचे आम्हांस नवल वाटत नाही.

जाता जाता एक. विद्यार्थिवेतनाचा मूळ निधी मोडून सभागृह बांधावे अशी सूचना संध्याकाळच्या बैठकीत येणार आहे, असे कानावर आले. सभागृह हवे, यात शंका नाही. लग्नकार्यांना मांडव घालून आपण थकलो आहोत. पण त्यासाठी वेगळी वर्गणी काढावी, निधीला हात लावू नये, असे आमचे मत आहे. ते बैठकीत मांडूच.