टोपी, हातगाडी आणि हंस राखणारी पोरगी

मागच्या भागात म्हटलं होतं ना, जर्मनीतली एक गोष्ट राहिलीय, ती आज सांगतो.

कंपनीच्या कामासाठी मी तीन आठवडे तिकडे होतो. एका शुक्रवारी सुट्टी टाकून ग्योटिंगेनला गेलो. नंदुरबारचा माझा शाळेतला मित्र तिथे केमिस्ट्रीत पीएचडी करत होता आणि त्या दिवशी त्याची तोंडी परीक्षा होती. मला वाटलं, निकाल लागेल, पेढे वाटू, फोटो काढू, झालं.

पण हा बाहेर आला आणि लॅबमधल्या पोरांनी त्याच्या डोक्यावर पुठ्ठ्याची भलीमोठी टोपी चढवली. ही टोपी सोबतचे लोक स्वतः बनवतात. माणसाने इतकी वर्षं काय काय केलं, ते सगळं तिच्यावर चिकटवलेलं असतं. याच्या टोपीवर परीक्षानळ्या होत्या, त्याने फोडलेल्या एका भांड्याचा फोटो होता आणि मधोमध वाळलेल्या लाल मिरच्यांची माळ! कारण याने सगळ्यांना नंदुरबारी मिरचीचा ठेचा खाऊ घालून रडवलं होतं.

मग त्याला सजवलेल्या हातगाडीत बसवून गावातून ओढत नेलं. जुन्या टाउन हॉलसमोर एक कारंजं आहे. त्यावर गेन्झेलीझलचा, म्हणजे हंस राखणाऱ्या पोरीचा पुतळा. डॉक्टर झालात की वर चढायचं, तिला फुलं द्यायची आणि मुका घ्यायचा. पुतळा १९०१ चा. आधी नवीन प्रवेश घेतलेली पोरं मुका घ्यायची. दंगा वाढला म्हणून १९२६ मध्ये बंदी आली. एक विद्यार्थी त्याविरुद्ध कोर्टात गेला आणि हरला, तरी पोरं काही थांबली नाहीत. आपल्या रा. गो. भांडारकरांना याच विद्यापीठाने १८८५ मध्ये सन्मान्य डॉक्टरेट दिली होती. तेव्हा पुतळाच नव्हता, सुटले म्हणायचे!

व्हिडिओ कॉल लावून मी फोन धरून उभा होतो. पलीकडे त्याची आई. "अरे पडशील, उतर खाली!" असं ओरडतही होती आणि डोळेही पुसत होती.

मी हसत होतो, तो एकदम गप्प झालो.

माझ्या बीटेकच्या पदवीदानाचं पत्र आलं, तेव्हा आईने विचारलं होतं, "मी काय नेसू रे?" माझी आई मिरचीच्या पथारीवर देठ खुडायची. माझ्या हॉस्टेलचे पैसे त्यातून गेलेत. मी म्हटलं, "तिथं काही नसतं गं, नुसता कागद देतात." नोकरी नवी होती, रजा मिळाली नसती, हे खरंय. पण मी रजा मागितलीच नव्हती. त्या गर्दीत ती माझ्याशेजारी उभी राहील, याची मला लाज वाटली. हे आज पहिल्यांदाच मोठ्याने बोलतोय. पुढे खिडकीवर सही करून सर्टिफिकेट आणलं.

काळा गाऊन आपण इंग्रजांकडून घेतला. पुणे विद्यापीठाने तो बदलून कुर्ता आणि पगडी आणली, तर २०१९ मध्ये पुणेरी पगडी की फुले पगडी, यावर वाद झाला. तो वाद व्हायलाच हवा होता, माझं काही म्हणणं नाही. पण डोक्यावर काहीही असो, आपल्याला तिथवर आणणारं माणूस त्या वेळी समोर असलं पाहिजे, हे मला त्या कारंज्यापाशी कळलं.

दिवाळीत घरी गेलो तेव्हा आईला सगळं सांगितलं. ते पत्राचंसुद्धा. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "त्या टोपीवरच्या मिरच्या देठासकट होत्या का रे?"

मी म्हटलं, हो.

"मग बरोबर. देठ काढला की माळ होत नाही."

यंदा तुमच्यापैकी कुणाचं पदवीदान असेल, तर घरच्यांना घेऊन जा. काय नेसायचं ते त्यांचं त्यांना ठरवू द्या.

भेटू पुढच्या भागात.