सूर्याची वीज आणि आमची गिरणी



आमच्या बचत गटाची मसाल्याची गिरणी आहे. वीज गेली की गिरणी थांबते, कर्जाचा हप्ता मात्र थांबत नाही. म्हणून छतावर सौर पॅनेल बसवायचं आमच्या मनात आलं. त्यासाठी पुन्हा कर्ज आलंच. तेव्हा मासिक बैठकीत एकीनं विचारलं, "ताई, पोरगा म्हणतो, आता सूर्यासारखी वीज जमिनीवरच तयार होणार. मग थोडं थांबायचं का?"

प्रश्न पैशाचा होता, म्हणून आम्ही तो नीट समजून घेतला.

सूर्यात हायड्रोजनपासून हेलियम बनतो आणि ऊर्जा बाहेर पडते. हे अणुसंमीलन. पृथ्वीवर ते घडवायला ड्युटेरियम आणि ट्रिटियम, ही हायड्रोजनचीच भावंडं, दहा कोटी अंशांच्या वर तापवावी लागतात.

पण ऊर्जा निघाली म्हणजे वीज झाली असं नाही. त्यातली सुमारे ८० टक्के ऊर्जा न्यूट्रॉन घेऊन जातात. त्यांच्यावर विद्युतभार नसतो, म्हणून चुंबकानं ते अडत नाहीत. मग भट्टीभोवती लिथियमचं जाड आवरण ठेवायचं. न्यूट्रॉन त्यात अडकले की आवरण तापतं. आत फिरणारं पाणी किंवा हेलियम वायू ती उष्णता बाहेर आणतो. तिच्यावर वाफ करायची, वाफेवर टर्बाइन फिरवायचं आणि जनित्रातून वीज घ्यायची. म्हणजे शेवटी आधणच ठेवायचं! कोळशाच्या वीजकेंद्रातही हेच चालतं, आणि बरीचशी उष्णता वायाच जाते.

दुसरी वाट वाफेशिवायची. ड्युटेरियमबरोबर हेलियम-३ वापरला, तर बहुतेक ऊर्जा विद्युतभार असलेल्या कणांत येते. ते पसरताना चुंबकीय क्षेत्राला ढकलतात आणि तारेच्या वेटोळ्यात सरळ वीज उतरते. पण याला तापमान आणखी जास्त लागतं, आणि हेलियम-३ पृथ्वीवर फार दुर्मीळ.

आता हिशोब. ५ डिसेंबर २०२२ला अमेरिकेतल्या लिव्हरमोर प्रयोगशाळेत लेसरची २.०५ मेगाज्यूल ऊर्जा देऊन ३.१५ मेगाज्यूल मिळाली. कौतुकाचीच गोष्ट. पण ते लेसर चालवायला सुमारे ३०० मेगाज्यूल वीज लागली होती. गटाच्या वहीत मिरचीचा खर्च लिहून वीजबिल सोडलं, तर आमचाही नफा असाच दिसेल! फ्रान्समधल्या इटर प्रकल्पात भारतही भागीदार आहे. त्याच्या प्रचंड पोलादी पात्राचे भाग गुजरातेत हजिऱ्याला बनले. पण तोही प्रयोगच आहे, वीजनिर्मितीसाठी तो बांधलेलाच नाही.

बैठकीत आम्ही हे सगळं मांडलं. मग एक आजी म्हणाल्या, "सूर्य तर रोज आपल्या पत्र्यावर येतोय की!" खरंच होतं. संमीलनाची भट्टी वर धगधगतेच आहे, आणि पॅनेल तिच्या उजेडाची सरळ वीज करतं. आमची गिरणीही दिवसाच चालते.

थांबायचं नाही, असा ठराव झाला. सगळ्यांच्या सह्या झाल्या. तुमच्या गटातही कुणी नव्या विजेची बातमी आणली, तर तिला हसू नका. एवढंच विचारा: आत किती गेली, बाहेर किती आली आणि तारेपर्यंत किती पोचली?