व्याकरण, संगणक आणि भारतीय भाषा



म्हैसूर, म्हणजे आजचे मैसूरु, म्हटले की राजवाडा आणि दसरा डोळ्यांसमोर येतो. भाषेच्या क्षेत्रातही या शहराला विशेष स्थान आहे. केंद्र सरकारने १७ जुलै १९६९ रोजी येथे केंद्रीय भारतीय भाषा संस्थानाची स्थापना केली. याच शहरात संगणक अभियंते घडविणारे इन्फोसिसचे मोठे प्रशिक्षण केंद्रही आहे. एका ठिकाणी माणसांच्या भाषांचा अभ्यास होतो, तर दुसऱ्या ठिकाणी संगणकाच्या भाषा शिकविल्या जातात. या दोन्ही कार्यांच्या मुळाशी एकच प्रश्न आहे: वाक्याची फोड यंत्राने कशी करावी?

संगणकाच्या भाषेत लिहिलेली आज्ञावली यंत्राच्या दृष्टीने प्रथम केवळ अक्षरांची रांग असते. ‘एकूण = कर + दर × संख्या’ ही ओळ पाहा. पहिल्या टप्प्यात अक्षरांतून शब्द व चिन्हे वेगळी केली जातात. दुसऱ्या टप्प्यात व्याकरणाच्या नियमांनुसार त्यांचे परस्परसंबंध निश्चित होतात. गुणाकार आधी, बेरीज नंतर, हा क्रम येथेच ठरतो. या संबंधांची मांडणी झाडाच्या फांद्यांप्रमाणे होते. तिला रचनावृक्ष म्हणतात. ही फोड करणाऱ्या आज्ञावलीला ‘पार्सर’ असे नाव आहे.

नियमांची ही मांडणी सूत्रबद्ध करण्याचे श्रेय जॉन बॅकस आणि पीटर नाउर यांच्याकडे जाते. १९६० च्या ‘अल्गोल’ या भाषेच्या अहवालात ती पद्धत वापरली गेली. पुढे १९६७ मध्ये इंगरमन यांनी तिला ‘पाणिनी-बॅकस पद्धत’ म्हणावे, असे सुचविले. सुमारे चार हजार सूत्रांत संस्कृतचे व्याकरण बांधणाऱ्या पाणिनीच्या ‘अष्टाध्यायी’शी असलेले साम्य हे त्याचे कारण होते. साम्य पद्धतीचे आहे. त्यावरून प्राचीन भारतात संगणकशास्त्र होते, असा निष्कर्ष मात्र काढता येणार नाही.

प्रत्येक भाषेसाठी पार्सर पहिल्यापासून लिहिणे कष्टाचे असते. म्हणून १९७० च्या दशकात बेल प्रयोगशाळेत स्टीफन जॉन्सन यांनी ‘याक’ हे साधन तयार केले. त्याला भाषेचे नियम पुरविले की ते पार्सर स्वतःच तयार करून देते. ‘अँटलर’ आणि ‘ट्री-सिटर’ ही त्यानंतरची साधने. ट्री-सिटर टंकलेखन चालू असतानाच रचनावृक्षाचा बदललेला भाग नव्याने बांधते, आणि एखाद्या ओळीत चूक असली तरी शक्य तितकी रचना टिकवून धरते. आज्ञावलीतील शब्दांना वेगवेगळे रंग देणे, चुका शोधणे, जुन्या आज्ञावलीचे नव्या भाषेत रूपांतर करणे, सुरक्षेची तपासणी करणे अशी अनेक कामे या पायावर उभी राहतात. ही साधने मुक्त परवान्याखाली उपलब्ध असल्याने महाविद्यालयातील विद्यार्थीही ती विनाशुल्क वापरू शकतो. भारत सरकारनेही २०१५ मध्ये मुक्त स्रोत आज्ञावलींच्या वापराचे धोरण जाहीर केले.

माणसाच्या भाषेला हाच न्याय लावता येतो का? संगणकाची भाषा एका वाक्याचा एकच अर्थ निघावा अशा बेताने रचलेली असते. मराठीचे तसे नाही. ‘रामने शामला त्याच्या घरी पाहिले’ या वाक्यात घर कोणाचे? व्याकरण येथे दोन्ही वाटा मोकळ्या ठेवते. निर्णय संदर्भावरून करावा लागतो. म्हणून भारतीय भाषांसाठी केवळ नियम पुरेसे नाहीत. त्या भाषांतील विपुल मजकूर, शब्दांच्या जाती व वाक्यसंबंध यांची नोंद केलेले संग्रह लागतात. पाणिनीच्या कारकविचाराचा आधार घेऊन अशा विश्लेषणाचे कार्य आयआयटी कानपूर व हैदराबादच्या आयआयआयटीमध्ये झाले आहे.

संग्रहांच्या कामात म्हैसूरचा वाटा महत्त्वाचा आहे. अकराव्या पंचवार्षिक योजनेच्या काळात केंद्रीय भारतीय भाषा संस्थानात भारतीय भाषांसाठी भाषिक सामग्री संघ सुरू झाला. लिखित मजकूर व ध्वनी या दोन्ही स्वरूपांतील संग्रह तो तयार करतो. २०२२ मध्ये सुरू झालेल्या ‘भाषिणी’ उपक्रमाचा उद्देशही भारतीय भाषांतून अंकीय सेवा पोहोचविणे हाच आहे.

राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत २२ भाषा आहेत. तिच्याबाहेरील भाषा कितीतरी अधिक. ज्या भाषेचा संग्रह नाही, त्या भाषेतील शेतकऱ्याचा प्रश्न किंवा रुग्णाची तक्रार यंत्राला नीट उमगणार नाही, आणि भाषेमुळे सेवेपासून वंचित राहण्याची जुनी विषमता नव्या रूपात कायम राहील. संगणकाच्या भाषांना सामायिक साधनांचा जो लाभ झाला, तो या भाषांनाही मिळावयाचा असेल, तर संग्रह सार्वजनिक संपत्ती म्हणून उभारले पाहिजेत. त्यासाठी व्याकरण जाणणारे अभियंते आणि संगणक जाणणारे भाषाभ्यासक या दोघांचीही देशाला गरज आहे.