ज्येष्ठांचा आवाज आणि आपले ध्वनिमुद्रण

(मंडळाच्या वर्षावास व्याख्यानमालेत सभासद व विद्यार्थ्यांसमोर दिलेले व्याख्यान)





आजचा विषय वरवर पाहता यंत्राचा आहे. मंडळाने सभासदांच्या वर्गणीतून ध्वनिमुद्रणाचे एक चांगले डिजिटल यंत्र घेतले आहे. आपण त्याला सरळ रेकॉर्डर म्हणू. तो कसा लावावा, कसा वापरावा, हे सांगण्याचे काम आमच्याकडे आले. आम्ही या शास्त्रातले तज्ज्ञ नव्हे. कला शाखेचे पदवीधर आणि बँकेतले कारकून. परंतु अशाच एका यंत्राच्या बाबतीत आमच्या हातून एक मोठी चूक झाली, आणि त्या चुकीने जे शिकवले ते माहितीपुस्तिका वाचून आम्हाला कळले नव्हते. म्हणून हे बोलण्याचे धाडस.

आवाजाचे मोल बौद्धांना निराळे सांगायला नको. तथागतांनी पंचेचाळीस वर्षे उपदेश केला, पण स्वतः काही लिहून ठेवले नाही. महापरिनिर्वाणानंतर राजगृह येथे पहिली संगीती भरली. तेथे उपालींनी विनय आणि आनंदांनी धम्म म्हणून दाखवला. पुढे काही शतके तो पाठांतरानेच चालत आला आणि इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात श्रीलंकेत, राजा वट्टगामणीच्या काळात, ग्रंथरूप झाला. आनंदांनी लक्ष देऊन ऐकले म्हणून आज आपल्याला ऐकायला मिळते. ऐकणाऱ्याची जबाबदारी बोलणाऱ्याइतकीच मोठी असते, हे त्यातून आम्ही शिकतो.

आपल्या चळवळीचेही तसेच आहे. बाबासाहेबांनी १९५५ साली बीबीसीला दिलेली मुलाखत आज कोणालाही ऐकता येते. तोच मजकूर छापून वाचला तर विचार समजतो, पण शब्दावरचा तो जोर, ते क्षणभर थांबणे कागदावर उतरत नाही. पुण्यात हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी खेड्यापाड्यांतील बायांच्या जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्यात बीड जिल्ह्यातील माजलगावच्या बायांनी बाबासाहेबांवर गायलेल्या ओव्याही आहेत. ज्यांना शाळेची पायरी चढू दिली गेली नाही, त्यांचा इतिहास हा असा आवाजात आहे. तो कोणत्याही दप्तरात सापडणार नाही.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला जे लाखो लोक जमले, त्यांतले दहा वर्षांचे मूलही आज ऐंशीच्या घरात आहे. आपल्या वस्तीत अशी माणसे किती उरली, हे हाताच्या बोटांवर मोजता येईल. तेव्हा हे काम पुढच्या वर्षावर टाकण्यासारखे नाही.

आता आमची चूक सांगतो.

मंडळाचे यंत्र येण्यापूर्वीची गोष्ट आहे. एका स्नेह्याकडून आम्ही रेकॉर्डर मागून आणला आणि वस्तीतल्या एका आजींकडे गेलो. आजी नऊ वर्षांच्या असताना आईवडिलांबरोबर दीक्षेला गेल्या होत्या. आईने घरातले पितळेचे पातेले विकून पांढरे लुगडे घेतले, वाटेत भाकरी कुठे सोडली, वडिलांचे बोट गर्दीत कसे सुटले आणि कसे सापडले, हे सारे त्यांनी सव्वा तास सांगितले. मध्येच, चालताना आई जे गाणे म्हणत होती, ते त्यांनी डोळे मिटून म्हटले. यंत्रावर लाल दिवा लुकलुकत होता. आम्ही समाधानाने घरी आलो.

फाईल नव्हतीच. त्या यंत्रात बटण पहिल्यांदा दाबले की दिवा लुकलुकतो. याचा अर्थ यंत्र फक्त तयार आहे, आवाज तपासून घ्या. दुसऱ्यांदा दाबले की दिवा स्थिर होतो आणि मुद्रण सुरू होते. आम्ही एकदाच दाबले होते.

पंधरा दिवसांनी खजील होऊन पुन्हा गेलो. आजी रागावल्या नाहीत. “बस बाबा, सांगते,” म्हणाल्या. पण त्या दिवशी त्यांना दम लागत होता. बावीस मिनिटे बोलल्या. गाणे विचारले तर म्हणाल्या, “आता नाही येत ध्यानात.” त्या हिवाळ्यात आजी गेल्या. ती बावीस मिनिटे आमच्याकडे आहेत. गाणे नाही.

दोष यंत्राचा नव्हता. आम्ही ते आधी शिकून घेतले नाही, हा दोष आमचा. रोखपाल खिडकी सोडण्यापूर्वी रोकड मोजतो, तसे आम्ही उठण्यापूर्वी दोन मिनिटे ऐकून पाहिले असते तरी आजींना तेव्हाच विनंती करता आली असती. म्हणून पहिला नियम असा की, लाल दिवा स्थिर आहे आणि पडद्यावरचे सेकंद पुढे सरकत आहेत, हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पहिला प्रश्न विचारू नये.

आता यंत्र लावण्याविषयी. ही तयारी घरी, आदल्या दिवशी करावी. माणसासमोर बसून बटणे चाचपडू नयेत. त्याने बोलणारा संकोचतो.

प्रथम तारीख आणि वेळ बरोबर लावावी, कारण प्रत्येक फाईलवर तीच नोंद पडते. नवे सेल घालावेत आणि जोडीला दुसरा संच ठेवावा. साधे अल्कलाईन सेल की पुन्हा चार्ज होणारे, ही निवड यंत्रात असेल तर ती बरोबर करावी. नाहीतर सेल किती उरले याचा अंदाज चुकतो. मेमरी कार्ड त्याच यंत्रात फॉरमॅट करावे. मात्र फॉरमॅट केल्यावर कार्डावरचे जुने सर्व जाते. म्हणून आधीचे मुद्रण दोन ठिकाणी उतरले आहे याची खात्री करावी.

मग मुद्रणाचा प्रकार. यंत्र आवाजाचे सेकंदाला हजारो नमुने घेते आणि प्रत्येक नमुना आकड्यात लिहिते. आपण ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिट ही निवड कायम ठेवावी, म्हणजे सेकंदाला ४८,००० नमुने. १६ बिटांत आवाजाच्या ६५,५३६ पायऱ्या मोजता येतात, तर २४ बिटांत १,६७,७७,२१६. त्यामुळे हळू बोलणाऱ्याचा आवाजही पुढे वाढवता येतो. ध्वनिसंग्रहांच्या आयासा या आंतरराष्ट्रीय संघटनेनेही जतनासाठी किमान हीच पातळी सुचवली आहे. फाईल वेव्ह प्रकारची असावी. एमपीथ्री लहान असते, पण ती लहान होते आवाजाचा काही भाग टाकून देऊन, आणि टाकलेला भाग परत मिळत नाही. दोन वाहिन्यांच्या अशा वेव्ह मुद्रणाला तासाला सुमारे एक जीबी जागा लागते. म्हणजे ३२ जीबीच्या कार्डावर तीस तास मावतात. जागेची काटकसर करण्याचे कारण नाही.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट आवाजाची पातळी. पडद्यावरच्या पट्टीवर शून्य हे वरचे टोक असते आणि खाली उणे आकडे असतात. जुन्या कॅसेटवर सुई थोडी लाल पट्ट्यात गेली तरी भागत असे. येथे तसे नाही. शून्याला आवाज टेकला की तो वरून कापला जातो, फाटतो आणि सहसा नीट दुरुस्त होत नाही. म्हणून मोठ्यात मोठा आवाज उणे बाराच्या आसपास राहील असे पाहावे. चाचणी घेताना “आज सकाळी काय जेवलात?” असे विचारावे. पण ध्यानात ठेवा, चाचणीत माणूस हळू बोलतो. मग बाबासाहेबांची आठवण निघाली, कंठ दाटला की तोच आवाज चढतो. तेवढी जागा वर मोकळी हवी. यंत्र स्वतः पातळी बदलते अशी एक सोय असते. ती बंद ठेवावी, कारण बोलणारा क्षणभर थांबला की ती पंख्याचा आवाज मोठा करते. अलीकडे ३२ बिट फ्लोट नावाची यंत्रे निघाली आहेत. त्यात पातळी चुकली तरी बहुधा सावरता येते. परंतु दूर ठेवलेला मायक्रोफोन कोणतेही यंत्र जवळ आणू शकत नाही.

म्हणून जागेचा विचार करावा. तोंडापासून दीड-दोन वितींवर, किंचित बाजूला यंत्र ठेवावे. अंतर दुप्पट केले की समोरून येणारा आवाज सहा डेसिबलने उतरतो, खोलीचा घुमारा मात्र तेवढाच राहतो. यंत्र हातात धरू नये, बोटांची खरखर येते. टेबलावर ठेवताना खाली घडी घातलेला टॉवेल घालावा. पंखा बंद करावा. तो बंद करणे उन्हाळ्यात शक्य नसेल तर लो कट ही सोय चालू करावी, तिने खालची घरघर कमी होते. फ्रिज, कुकर, टीव्ही, दाराची घंटा यांची घरच्यांना आधी कल्पना द्यावी. सर्वांचे मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवावेत. अंगणात बसलात तर मायक्रोफोनवर स्पंजची टोपी हवीच, वारा आपल्या कानाला जाणवत नाही पण यंत्राला जाणवतो. आणि आपल्यापैकी एकाने सतत हेडफोन लावून ऐकावे. आपला कान नको ते गाळतो, यंत्र गाळत नाही.

विहारातील कार्यक्रमाचे मुद्रण निराळे. तेथे कर्ण्यासमोर यंत्र ठेवू नये. ध्वनिक्षेपकवाल्या दादांना आधी भेटून मिक्सरमधून वायर घ्यावी. मात्र ती लाईनची असते, तिची पातळी मायक्रोफोनपेक्षा पुष्कळ मोठी. यंत्रात लाईन ही निवड केली नाही तर सारे भाषण फाटते. बाहेरचा कंडेन्सर मायक्रोफोन लावला तर त्याला यंत्रातून ४८ व्होल्ट द्यावे लागतात. साध्या डायनॅमिक मायक्रोफोनला ते लागत नाहीत, आणि चालू ठेवले तर सेल लवकर संपतात.

मुद्रण सुरू झाल्यावर प्रथम आपण बोलावे. आजची तारीख, गाव, बोलणाऱ्यांचे नाव व वय, विचारणाऱ्याचे नाव. कागद हरवतो, पण आवाजातली ही नोंद फाईलबरोबरच राहते. मग गप्प बसावे. विद्यार्थी मित्रहो, हे सर्वांत अवघड आहे. आजोबा आठवत असतात तेव्हा आपण त्यांचे वाक्य पुरे करतो. तसे करू नका. “हो, हो” असेही म्हणू नका, नुसती मान हलवा. शेवटी यंत्र चालू ठेवून अर्धा मिनिट सर्वांनी शांत बसावे. खोलीची ती शांतता पुढे आवाज स्वच्छ करताना उपयोगी पडते. आणि उठण्यापूर्वी ऐकून पाहावे.

घरी आल्यावर त्याच दिवशी फाईल उतरवावी. फाईलचे नाव वर्ष, महिना, दिवस, गाव या क्रमाने द्यावे, म्हणजे यादी आपोआप लागते. तीन प्रती कराव्यात. एक संगणकावर, एक वेगळ्या हार्ड डिस्कवर आणि एक दुसऱ्या कोणाच्या घरी. एकाच कपाटात ठेवलेल्या तीन प्रती पाण्याला आणि आगीला एकच असतात. मूळ फाईल कापू नये. काटछाट करायची ती प्रतीवर. व्हॉट्सॲपवर ऐकायला पाठवा, पण ती प्रत मूळ समजू नका.

मग लिहून काढण्याचे काम. येथे आमची एक कळकळीची विनंती आहे. आजी “व्हतं” म्हणाल्या तर “व्हतं” असेच लिहा. त्यांची भाषा पुस्तकी करू नका. आपल्या माणसांना बोलण्यावरून पुष्कळ हिणवले गेले आहे. निदान आपल्या दप्तरात तरी ती भाषा ताठ मानेने राहू द्या.

शेवटी पंचशीलाविषयी. दुसरे शील, न दिलेले न घेण्याचे. कोणाचाही आवाज न विचारता, लपवून मुद्रित करणे हे न दिलेले घेणेच होय. परवानगी आधी घ्यावी आणि ती मुद्रणातही नोंदवावी. बोलणाऱ्यांनी नंतर “हे तेवढे बाहेर जाऊ देऊ नका” म्हटले तर ते पाळावे. कारण या आठवणींत अत्याचार आहेत, गावाची आणि माणसांची नावे आहेत. चौथे शील, खोटे न बोलण्याचे. वाक्य मधूनच तोडून भलता अर्थ ऐकवणे हे तेच खोटे. यंत्र कितीही चांगले असले तरी ही दोन शीले त्याच्यात नसतात. ती आपण पाळायची असतात.

मंडळापुढे आमची सूचना अशी आहे की, दोन-दोन विद्यार्थ्यांच्या जोड्या कराव्यात. त्यांनी आधी एक महिना आपल्याच घरात सराव करावा. चुका आईवडिलांच्या मुलाखतीत होऊ द्या, आजीआजोबांच्या नको. नंतर वस्तीतल्या ज्येष्ठांची यादी वयाच्या उतरत्या क्रमाने लावून, दर रविवारी एका घरी जावे. सर्वांत थकलेल्या माणसाकडे सर्वांत आधी.

आजींचे ते गाणे आम्ही एकदा ऐकले आहे. चाल अंधूक आठवते, शब्द आठवत नाहीत. आनंदांसारखे कान आमच्याकडे नाहीत, म्हणून तर यंत्र लागते. ते गाणे वस्तीतल्या आणखी कोणाला येत असेल, कोणाच्या आईने म्हटले असेल, तर कृपा करून आम्हाला कळवा. आम्ही यंत्र घेऊन येऊ, आणि या वेळी दिवा पाहूनच बसू.