यंत्र आले, पण मेळ कोण घालणार?



आत येताना एका पालकांनी मला दाराशीच गाठले. मुलगी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. म्हणाले, "साहेब, आता सगळे ते एआयच करणार म्हणतात. मग हिला पुढे शिकवू, की स्थळ बघू?" हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

मी बँकेत खतावणी लिहिण्यापासून सुरुवात केली. 1984 मध्ये रंगराजन समितीचा अहवाल आला आणि पुढे शाखांतून यंत्रे बसू लागली. आमच्याकडे एक वडीलधारे कारकून होते. मोत्यासारखे अक्षर! त्या अक्षराची किंमत वर्षभरात संपली. पण संध्याकाळी मेळ बसेना की साहेबांपासून शिपायापर्यंत सगळे त्यांच्याकडेच धाव घेत. फरकाला 9 ने भाग जातो का, हे ते आधी पाहात. जात असेल तर म्हणत, "आकड्यांची अदलाबदल झाली असेल. 54 चे 45 शोधा." बहुधा ते सापडे. यंत्राने बेरीज बिनचूकच केलेली असे; मुळात त्याच्या पोटात घातलेला आकडा चुकीचा असे.

आजचे यंत्र तर चुकीची गोष्टही सफाईदार भाषेत सांगते. 2023 साली न्यूयॉर्कच्या फेडरल न्यायालयात एका विमान कंपनीविरुद्धच्या दाव्यात वकिलांनी काही निवाड्यांचे दाखले दिले. ते निवाडे कधी झालेच नव्हते! चॅटजीपीटीने ते रचले होते. "हे खरे आहेत का?" असे वकिलाने त्यालाच विचारले, आणि त्याने होकार दिला. शोध एका वकिलाचा, सही दुसऱ्याची. न्यायालयाने 5,000 डॉलर दंड केला. यंत्र वापरणे गैर नाही, पण कागदाच्या खरेपणाची जबाबदारी वकिलाची, असे न्यायालयाने बजावले. साक्षीदारालाच त्याच्या साक्षीची शहानिशा करायला सांगणे, याला काय म्हणावे?

विद्यार्थी मित्रहो, यंत्र अवश्य वापरा. मात्र आधी स्वतःचे उत्तर कागदावर लिहा, मग त्याला विचारा, आणि दोन्हींत फरक कुठे पडला ते मूळ पुस्तकात पाहा. हा क्रम उलटा करू नका. दुसरे असे की समोरच्या माणसाला नेमके काय हवे ते ओळखायला शिका. कर्ज मागायला आलेला शेतकरी अर्जात लिहितो एक, आणि त्याची अडचण असते दुसरीच. ती चहा पिताना कळते. आणि इंग्रजी शिकाच, पण ती अडचण त्याच्याच बोलीत विचारता आली पाहिजे.

त्या पालकांना मी सांगितले, मुलीला शिकवा. हिशेब तपासता येणारे माणूस कालही कमी होते, आजही कमीच आहे. स्थळ कुठे पळून जात नाही.

स्मरणिकेच्या शेवटी संस्थेचा जमाखर्च छापतात. तो सहसा कोणी वाचत नाही. तुम्ही त्याची बेरीज हाताने करून पाहा. फरक आढळला तर खजिनदारांना जाऊन सांगा. ते रागावणार नाहीत, मी त्यांना तसे सांगून ठेवले आहे.