इंधनाचा हिशेब किलोमीटरवर मांडू या
(कोपरगाव येथील भाषण)



पेट्रोलचे दर भडकले की पर्यायी इंधनाची चर्चा सुरू होते. १९७३ च्या तेलसंकटातही तेच घडले होते. कोपरगावकरांना हा विषय परका नाही. कोळपेवाडी आणि सहजानंदनगर येथील सहकारी साखर कारखान्यांमुळे मळीचा वास आपल्या परिचयाचा आहे. या मळीपासून मद्यार्क आणि मद्यार्कातील पाणी पूर्णपणे काढून इथेनॉल तयार होते. २००१ साली देशात इथेनॉलमिश्रित पेट्रोलचे प्रायोगिक प्रकल्प सुरू झाले, त्यांत मिरजेबरोबर आपल्या शेजारचे मनमाडही होते. आता हे मिश्रण २० टक्क्यांपर्यंत पोहोचले आहे.

तथापि, एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांश एवढीच ऊर्जा असते. म्हणून इंधनाची तुलना लिटरच्या दरावर न करता किलोमीटरमागील खर्चावर करावी. शिवाय उसाला पाणी लागते. अपुऱ्या पावसामुळे साखर उत्पादन घटण्याची चिन्हे दिसताच डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र शासनाने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध घातले होते.

तेव्हा काटकसर हेच पहिले पर्यायी इंधन होय. महिन्याला ६०० किलोमीटर धावणारी मोटार लिटरला १५ ऐवजी २० किलोमीटर जाऊ लागली, तर १० लिटर इंधन वाचते. तेवढ्याच अंतरासाठी मोटारसायकल ४० ऐवजी ६० किलोमीटर गेली, तरी बचत ५ लिटरचीच होते. सर्वाधिक इंधन पिणारे वाहन आधी सुधारावे किंवा बदलावे, हाच या हिशेबाचा बोध आहे. शेतातून येणारे इंधनही पाण्याच्या मोलाचे आहे, याचा विसर पडू नये.